पथ्याला शेवटची तारीख हवी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक शब्द होता, चोथा. "आहारात चोथायुक्त पदार्थांचा समावेश असावा" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी 'कारणे द्या'च्या उत्तरात खरडलेलं आहे. पालेभाज्या, सालासकट फळं, मोडाची कडधान्यं, कोंड्यासकट पीठ वगैरे वगैरे. पुढे हाच चोथा 'फायबर' असं नाव लावून परत आला, महागड्या बिस्किटांच्या पुड्यांवर चढून बसला आणि आपण ऑफिसच्या पॅन्ट्रीत निमूटपणे ओट्स खायला लागलो. अशा वेळी एखादा डॉक्टर कागदावर लिहून देतो की भाकरी बंद, पालेभाजी बंद, सालं नि बिया बंद, पांढरा भात खा, मैद्याचा ब्रेड चालेल... तेव्हा घरातल्या लोकांना वाटतं की एक तर शाळेतलं पुस्तक चुकीचं होतं, नाहीतर हा डॉक्टर तरी.

दोघंही बरोबर असतात. ह्या आहाराला लो रेसिड्यू डाएट म्हणतात, मराठीत सरळ 'कमी चोथ्याचा आहार' म्हणू. त्याच्याबद्दल माझी काही भांडणं आहेत, पण ती आहाराशी नाहीत. आहार चांगलं हत्यार आहे. भांडण आहे ते तो ज्या पद्धतीने आपल्या घरात पोचतो त्याच्याशी. कारण सांगितलं जात नाही, मुदत सांगितली जात नाही, आणि मग आपण त्याचं 'पथ्य' करून टाकतो. पथ्य आपल्याकडे एकदा सुरू झालं की संपत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. आपण जे खातो त्यातलं बरंचसं लहान आतड्यात पचून शोषलं जातं. जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जातं. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती, सालं, कोंडा, बियांची टरफलं, दोरे. हा झाला चोथा. एरवी तो फार कामाचा. तो पाणी धरून ठेवतो, शौचाला आकार देतो, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर जगतात आणि त्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला लागणारं खाद्य तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू खावेत. कमी चोथ्याच्या आहारात हाच आकडा मुद्दाम १० ग्रॅमच्या आसपास आणायचा असतो. म्हणजे जे शरीराला एरवी हवं असतं तेच ठरवून काढून घ्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर मेंटेनन्ससाठी ट्रॅफिक वळवण्यासारखं आहे हे. मेंटेनन्स झाला की ट्रॅफिक परत सोडायचा असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आहाराच्या बाबतीत मात्र सांगावं लागतं.

'रेसिड्यू' हा शब्दही जरा गडबडीचाच आहे. कुठल्या पदार्थाने पोटात नेमका किती 'रेसिड्यू' उरतो हे मोजायची धड पद्धत नाही. त्यामुळे आहारतज्ज्ञांमध्ये गेली बरीच वर्षं असा सूर आहे की हा शब्द सोडा आणि 'कमी तंतूंचा आहार' म्हणा, तंतू निदान ग्रॅममध्ये मोजता येतात. जुन्या यादीत दूधही दोन कपांवर थांबवलेलं असायचं. दुधात तंतू शून्य. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना गॅस होतो, जुलाब होतात, त्यांनी दूध टाळावं हे ठीक. पण बाकीच्यांचं दूध कशासाठी तोडायचं, ह्याला फारसं बळकट उत्तर नाही.

आता हा आहार लागतो कधी?

सगळ्यात साधं, सगळ्यात छोटं कारण म्हणजे कोलोनोस्कोपी. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून आतलं अस्तर बघायचं, कुठे गाठ किंवा कोंब असेल तर तिथल्या तिथे काढायचा. आतडं स्वच्छ नसेल तर छोटा कोंब चोथ्याखाली लपतो, आणि पुढे कॅन्सर होऊ शकणारी नेमकी तीच गोष्ट असू शकते. दुर्बिणीतून घाण ओढून घ्यायची वाट जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. टोमॅटोच्या, पेरूच्या बिया आणि तीळ त्यात अडकले की डॉक्टर बिचारा नळी साफ करत बसतो. म्हणून आदल्या दिवशी कमी चोथा, आणि मग ते पोट धुवायचं औषध. पूर्वी आदल्या दिवशी फक्त पाणी, सरबत, गाळलेलं सूप एवढ्यावरच ठेवायचे. आता युरोपातल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आणि अमेरिकेतल्या २०२५ च्या सूचना दोन्ही म्हणतात की साध्या पेशंटला एक दिवसाचा हलका, कमी तंतूंचा आहार पुरतो. ज्यांना जुनाट बद्धकोष्ठ आहे किंवा मागच्या वेळी पोट नीट साफ झालं नव्हतं, त्यांना डॉक्टर जास्त दिवस सांगतील, ते त्यांचं ऐकावं. पण आपल्याकडच्या अनेक छापील कागदांवर सरसकट तीन दिवस, पाच दिवस असतात, आणि सोबत कारण नसतं.

इथे एक गावाकडची अडचण सांगतो, कारण ती कुठल्याच सूचनेत नसते. आमचं गाव मोहाडी, भंडारा जिल्हा. भंडारा–तुमसर रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण, चौंडेश्वरी देवीचं मंदिर आहे त्यामुळे नवरात्रात गर्दी, एरवी शांत. कोलोनोस्कोपीसारख्या गोष्टीसाठी आमच्याकडची माणसं नागपूर गाठतात, म्हणजे साधारण ८० किलोमीटर. आता पोट धुवायच्या औषधाचा दुसरा हप्ता तपासणीच्या चार ते सहा तास आधी घ्यायचा असतो. तपासणी सकाळी दहाला असेल तर पहाटे पाचला. म्हणजे मोहाडीच्या माणसाने पहाटे पाचला एक लिटर जुलाबाचं पाणी प्यायचं आणि मग एसटीत बसायचं. विचार करून बघा! साहजिकच लोक दुसरा हप्ता गिळतच नाहीत, पोट अर्धवट साफ होतं, तपासणी वाया जाते आणि खापर फुटतं "पेशंटने पथ्य पाळलं नाही" ह्यावर. तुमचे आईवडील अशा गावात असतील तर दुपारची वेळ मागून घ्या, नाहीतर आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करा. आहाराच्या यादीइतकंच हे महत्त्वाचं आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर. आतडं कुठेतरी अरुंद झालेलं असणं. क्रोन्स नावाच्या आजारात असं होतं, आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीतही होतं. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, पण तो पोटातही होतो, आणि बऱ्याचदा बसतो तो लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं त्या वळणावर. क्रोन्सचीही आवडती जागा तीच. भल्याभल्या डॉक्टरांना तुकडा तपासूनसुद्धा दोघांतला फरक करणं जड जातं. जेवल्यावर तासाभराने पोटात कळ, गुडगुड, पोट फुगून एका बाजूला गोळा आल्यासारखं वाटणं, वजन उतरणं. अरुंद जागेतून पातळ पदार्थ सरकतो, दोरेदार लगदा सरकत नाही. नळात अडकलेला केसांचा गुंता तुम्ही काढला असेल तर वेगळं समजवायला नको. आणि हो, आम्हा विदर्भवाल्यांना जड जाणारी गोष्ट म्हणजे ह्यात संत्रं सगळ्यात आधी येतं. संत्र्याच्या फोडीची साल आणि पांढरा दोरा पचत नाही, नीट न चावता गिळला तर त्याचाच गोळा होऊन आतडं तुंबू शकतं, विशेषतः जठराचं ऑपरेशन झालेल्या माणसात. गाळलेला रस चालतो. फोड नाही.

बाकीची कारणं भराभर सांगतो. आतड्याच्या ऑपरेशननंतरचे काही आठवडे. पोटावर पिशवी लावावी लागली असेल, म्हणजे लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलं असेल, तर साधारण पहिले सहा-आठ आठवडे, कारण नव्या तोंडाला सूज असते. अल्सरेटिव्ह कोलायटिस भडकलेला असताना, तो शांत होईपर्यंत. मोठ्या आतड्याच्या पिशव्यांना सूज आली तर, ती उतरेपर्यंत. प्रत्येक ठिकाणी 'पर्यंत' आहे, हे लक्षात आलं का?

आणि आता गंमत. जिथे जिथे डॉक्टरांनी हा आहार सवयीने, वर्षानुवर्षं चालू ठेवला, तिथे तिथे तपासून बघितल्यावर पाया कच्चा निघाला. रोममध्ये क्रोन्सच्या ७० पेशंटांचे दोन गट केले. ज्यांचं आतडं अरुंद झालेलं नव्हतं असे सगळे. एकाला कमी चोथ्याचा आहार, दुसऱ्याला नेहमीचं इटालियन जेवण, २९ महिने. १९८५ साली 'गट' ह्या नियतकालिकात निकाल आला. दोन्ही गटांत काहीही फरक नाही. ना त्रासात, ना ऑपरेशनांत, ना आतडं तुंबण्यात. फरक एवढाच की एका गटाने २९ महिने बेचव खाल्लं. आतड्याच्या पिशव्या असलेल्यांना दाणे, मका, लाह्या खाऊ नका असं पिढ्यानपिढ्या सांगत आले, बी पिशवीत जाऊन बसतं म्हणून. २००८ साली अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर दाणे नि लाह्या खाणाऱ्यांना त्रास जास्त झालेला नव्हता. ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्यांना कमी चोथा द्यायचा हा तर अगदी पक्का रिवाज. २०१७ साली लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलच्या चाचणीत उलट निघालं, जास्त तंतू खाणाऱ्यांना आतड्याचा त्रास कमी झाला. ह्याचा अर्थ उद्यापासून रेडिएशनच्या पेशंटला मूठमूठ चणे द्या असा नाही. 'आतडं आजारी, म्हणून चोथा बंद' हे समीकरण आपोआप लागू होत नाही, एवढाच. कारण विचारावं लागतं.

कारण न विचारता काय होतं ते आता सांगतो.

माझ्या काकांना २०१९ साली आतड्याच्या टीबीचं निदान झालं. काका मोहाडीलाच राहतात. नागपूरच्या एका हॉस्पिटलात दाखवलं, आतडं एका जागी अरुंद होतं, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सुट्टी देताना हातात एक झेरॉक्स कागद आला. इंग्रजी. कागदावर 'चालेल'च्या खाली होतं: व्हाइट ब्रेड, कॉर्नफ्लेक्स, सॉल्टेड क्रॅकर्स, अ‍ॅपलसॉस, कॅन्ड पीचेस, जिलेटिन. आता मोहाडीत कॅन्ड पीचेस! कुठल्यातरी अमेरिकन हॉस्पिटलची यादी कुणीतरी कधीतरी उतरवून घेतली असणार आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत ती वैनगंगेच्या खोऱ्यात पोचली. 'चालणार नाही'च्या खाली ब्राउन राइस, प्रून्स आणि पॉपकॉर्न. लाखोरीचा उल्लेख नाही, तरोट्याच्या भाजीचा नाही, पोपटाच्या शेंगांचा नाही, मोहफुलांचा नाही. म्हणजे जे काका खरोखर खातात त्याबद्दल कागद गप्प, आणि जे त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही त्याबद्दल कागद भरभरून बोलतो.

अशा यादीचं मराठी करायचं म्हटलं तरी खड्डे आहेतच. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कुणी 'सांबार टाळा' असं लिहून पाठवलं तर भंडाऱ्यातली गृहिणी कोथिंबीर टाळेल. डाळीला हातही लागणार नाही!

खरं तर कमी चोथ्याच्या आहारासाठी भंडारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. हा धानाचा नि तळ्यांचा जिल्हा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू साधारण २.८ ग्रॅम. ज्वारीत १० च्या वर, कणकेत ११ च्या वर. भात हेच मुख्य अन्न असलेल्या घरात अर्धं काम आधीच झालेलं. भाताची पेज, मऊ भात, पातळ पोहे, दही, ताक, अंडं. तळ्यातली रोहू किंवा मरळ, काटे नीट काढून. साल-बिया काढून उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा. पिकलेलं केळं. सोललेला बटाटा. साबुदाण्याची खीर चालेल, खिचडी नाही, कारण दाण्याचा कूट. एवढं मराठीत अर्ध्या पानावर मावतं आणि त्यातली एकही गोष्ट गावाबाहेरून आणावी लागत नाही. पण हे कुणी लिहून दिलं नाही.

मग घरात काय झालं? काकूंनी कागदातून एकच गोष्ट उचलली, की हे पथ्य आहे. आणि पथ्याची त्यांची स्वतःची यादी तयारच होती, पिढीजात. अंडं गरम, बंद. मासे गरम, बंद. दही आंबट आणि थंड, बंद. दूध जड. वांगं वातूळ. तिखट, तेल, हिंग-मोहरीची फोडणी बंद. ह्यातल्या बहुतेक गोष्टींचा चोथ्याशी काडीचा संबंध नाही. तेल-तिखट डॉक्टर दुसऱ्या कारणाने कमी करायला सांगेलही, पण ते वेगळं प्रकरण. हॉस्पिटलच्या कागदाने भाजी, भाकरी, डाळीची सालं, दाणे काढले. घरच्या पथ्याने अंडी, मासे, दही, दूध काढलं. वजाबाकी दोनदा झाली. खाली उरला मऊ भात, मीठ, आणि वरणाचं वरचं पाणी.

वरणाच्या पाण्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. आपल्याकडे आजाऱ्याला वरचं पाणी देतात आणि डाळ खाली राहते. प्रथिनंही बहुतेक खालीच राहतात! मुगाची डाळ शिजवून, घोटून, गाळणीतून घासून घेतली तर आतडं अरुंद असतानासुद्धा थोडी थोडी देता येते का, हे डॉक्टरला विचारता येतं. पण नुसतं पिवळं पाणी म्हणजे हळदीचं पाणी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि चोथा शून्य. १०० ग्रॅम रोहूत १७-१८ ग्रॅम, चोथा शून्य. कमी चोथ्याच्या आहारात ज्या गोष्टी पोटभर खायच्या, नेमक्या त्याच पथ्याच्या नावाखाली गेल्या.

आणि माणूस कोण? टीबीचा पेशंट. ज्याला प्रथिनांची गरज इतर कुणाहीपेक्षा जास्त. टीबीच्या पेशंटला नीट खाता यावं म्हणून सरकार निक्षय पोषण योजनेतून थेट बँकेत पैसे टाकतं. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. झारखंडमध्ये केलेल्या आणि २०२३ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात तर टीबीच्या पेशंटच्या घरातल्या लोकांना पुरेसं धान्य-डाळ दिल्यावर त्यांना टीबी होण्याचं प्रमाणच बरंच उतरलं. म्हणजे एका खिडकीतून सरकार सांगतंय, खा. दुसऱ्या खिडकीतून एक झेरॉक्स सांगतोय, हे खाऊ नको. आणि दोन्ही खिडक्यांतले लोक एकमेकांशी बोलत नाहीत. हे असं इंटिग्रेशन आपल्या प्रॉडक्टमध्ये असतं तर आपल्याला शनिवार-रविवार मिळाले नसते.

गोळ्यांचे सहा महिने संपले. फेरतपासणीची तारीख २०२० च्या एप्रिलमधली होती. एप्रिल २०२० मध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती तारीख गेली, पुढची कुणी दिली नाही, आणि त्रास होत नव्हता म्हणून कुणी मागितलीही नाही. पथ्य मात्र चालू. २०२१ च्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा घरात पोपटाच्या शेंगा शिजत होत्या आणि काका मऊ भात खात होते. वजन गोळ्या संपल्या तेव्हा होतं तेवढंच. सारखं बद्धकोष्ठ. आणि त्या बद्धकोष्ठावर उपाय म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने रोज रात्री इसबगोल. इसबगोल म्हणजे काय, तर निव्वळ तंतू! दिवसभर चोथा टाळायचा आणि रात्री चमचाभर चोथा विकत आणून प्यायचा. आतडं खरंच अरुंद असतं तर कमी पाण्यात घेतलेल्या त्याच इसबगोलाचा बुडबुडीत गोळा आत अडकला असता.

मी काकूंना विचारलं, अजून हे चालू का? त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकमध्ये नीट घडी घातलेला तो कागद काढला आणि म्हणाल्या, "कागद देलन बापा, पन बंद कवा कराचा ते नाई सांगलन."

ह्याला उत्तर नाही. काकूंनी त्यांच्या परीने काटेकोर काम केलं होतं. सूचना आली, अंमलात आणली, रद्द झाल्याचा निरोप आला नाही, म्हणून चालू ठेवली. कुठलाही चांगला प्रोग्रॅम हेच करेल. चूक सूचना लिहिणाऱ्याची, ज्याने बाहेर पडायची अट लिहिलीच नाही. पुढे नागपूरला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे फेरतपासणी झाली, आतडं मोकळं झालेलं होतं. डॉक्टर यादी बघून म्हणाले, अहो हे गोळ्या चालू असेपर्यंतचं होतं. प्रत्येकाचं असं होत नाही हेही सांगतो. टीबी बरा झाल्यावरही काहींच्या आतड्यात व्रणामुळे अरुंदपणा राहतो. मग फुग्याने ती जागा रुंद करावी लागते किंवा ऑपरेशन. अशांचा आहार लांबतो, आणि लांबायलाच हवा. म्हणूनच 'सहा महिन्यांनी आपलं आपण बंद करा' हेही उत्तर नाही. शेवटची तारीख म्हणजे फेरतपासणीची तारीख. पण ती कागदावर हवी, आणि ती चुकली तर काय करायचं तेही.

काही मित्र म्हणतात की ओपीडीत पेशंटमागे तीन मिनिटं मिळतात, डॉक्टरने आहार समजावत बसायचं कधी? मान्य. सरकारी हॉस्पिटलातली रांग मी पाहिलेली आहे. पण मी तीन मिनिटांतली एक मिनिट मागत नाहीये. मी छापील कागद बदला म्हणतोय, तो एकदाच बदलायचा असतो. वर एक ओळ: कशासाठी. खाली एक ओळ: केव्हापर्यंत, आणि तोवर भेटता आलं नाही तर कुठल्या नंबरवर विचारायचं. मध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मिळणाऱ्या वस्तूंची नावं, तिथल्या बोलीत. आणि ठळक अक्षरात एक वाक्य: अंडी, मासे, दही बंद करायला सांगितलेलं नाही. नागपूर, अमरावती, कोल्हापूर, प्रत्येक ठिकाणची यादी वेगळी होईल. होऊ दे. झेरॉक्स मशीनला काही फरक पडत नाही.

हे होईपर्यंत मदतकेंद्र आपणच आहोत मंडळी. हिंजवडीत किंवा बाणेरला बसून आपल्याला गावाहून व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा तिरपा, अर्धा सावलीतला फोटो येतो आणि "हे काय लिहिलंय बघ" असा फोन. तेव्हा पदार्थांच्या यादीचं भाषांतर करत बसू नका. आधी डॉक्टरला तीन प्रश्न विचारायला लावा. कशामुळे सांगितलं? कधी थांबवायचं? प्रथिनं कशातून घ्यायची? डायबेटिस असेल तर चौथाही, कारण नुसत्या भात-मैद्यावर साखर चढते. आणि मग घरी कोण काय स्वतःच्या मनाने बंद करतंय त्याची चौकशी. हा शेवटचा प्रश्न आईला नाही, आजीला विचारा.

तुमच्यातल्या काहींसाठी उलटा इशाराही आहे. पोट फुगतं, गॅस होतो म्हणून इंटरनेटवर वाचून आपल्या मनाने चोथा तोडणारी मंडळी माझ्याच टीममध्ये दोन आहेत. बद्धकोष्ठ आणि मूळव्याध ह्यांत तर चोथा वाढवायचा असतो. फॉडमॅप म्हणून जो दुसरा प्रकार आहे, कांदा-लसूण-गहू वगैरे काही काळ काढून बघायचा, तो वेगळा, त्याची यादी वेगळी. दोन्हींची खिचडी करू नका. आणि पोटात कळा येऊन उलट्या होताहेत, पोट फुगलंय, वारा सरत नाही, असं झालं तर कुठलाही आहार नाही, तडक हॉस्पिटल.

चोथा परत सुरू करणं हेही एक काम आहे. डॉक्टरने हो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी झुणका-भाकरीवर ताव मारायचा नसतो. काकांचं आम्ही असं केलं: दर दोन-तीन दिवसांनी एकच नवीन गोष्ट, थोडी, नीट चावून. आधी घोटलेलं मुगाचं वरण पाण्यासकट, मग दुधी नि भोपळ्याच्या जोडीला मऊ शिजवलेला पालक, मग पोळी, मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. कडधान्यं उशिरा, सालाच्या शेंगा त्याहून उशिरा. पाणी वाढवायचं, ते लोक हमखास विसरतात. इसबगोल डॉक्टरांनी दोन महिन्यांनी बंद केलं, गरजच उरली नाही. संत्र्याला जानेवारी उजाडला, आणि तेही काकू प्रत्येक फोडीचं साल काढून देत होत्या. डॉक्टरांनी त्याची गरज नाही असं सांगितलं होतं. कागदावर नव्हतं ना!